विद्ध मृगाची धाव : 'मारणे' आणि 'मरणे' ह्यांमधील अंतर

(१)

रायफलची गोळी अचूक जागी लागल्यावर हरिण किती अंतर धावते, हा प्रश्न भाषा आणि वाङ्मय ह्यांना वाहिलेल्या पत्रिकेत उपस्थित करणे काहीसे चमत्कारिक दिसेल, ह्याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. प्रश्न शिकाऱ्यांचा, उत्तर शरीरशास्त्रज्ञांनी द्यावयाचे. परंतु पदव्युत्तर वर्गात प्रयोजक धातूंचे विवरण चालू असता एका विद्यार्थ्याने जी शंका काढली, तिने हा प्रश्न आमच्या दारात आणून उभा केला. 'पडणे'पासून 'पाडणे', 'तरणे'पासून 'तारणे', त्याचप्रमाणे 'मरणे' ह्या अकर्मक धातूपासून आद्य स्वर दीर्घ होऊन 'मारणे' हा सकर्मक धातू सिद्ध होतो, एवढे सांगून झाले होते. तेव्हा तो म्हणाला, "सर, गोळी लागलेले जनावर पळत सुटते आणि शंभर पावलांवर जाऊन पडते. मग ते मारले कुठे म्हणायचे? गोळी लागली तिथे, की पडले तिथे?" वर्ग हसला. तास संपेपर्यंत समाधानकारक उत्तर मात्र देता आले नाही.

पुढे ह्या शंकेचा विचार करू लागल्यावर असे दिसून आले की, ती केवळ व्याकरणाची नाही. शिकारीचे वर्णन करणाऱ्या कोणत्याही लेखकापुढे ती उभी राहते; मग तो आदिकवी असो, रोमन महाकवी असो, की मासिकात अनुभवकथन करणारा हौशी शिकारी असो. बाण किंवा गोळी लागल्यापासून प्राणी गतप्राण होईपर्यंत काही काळ जातो आणि त्या काळात काही भूमी ओलांडली जाते. ह्या अवकाशाचे लेखकाने काय केले, ही शिकारवर्णनाची खरी कसोटी होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. नेम कसा धरला, बार कसा झाला, हे वर्णन कोणीही बऱ्यापैकी करू शकतो. पुढच्या दहा सेकंदांत लेखकाची परीक्षा होते.

(२)

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण तिच्यावाचून पुढील विवेचन हवेत राहील.

'अचूक जागी' ह्याचा शिकाऱ्यांच्या व्यवहारातील अर्थ सामान्यतः 'छातीत' असा असतो. पुढच्या पायाच्या किंचित मागे, जेथे हृदय आणि दोन्ही फुप्फुसे एकत्र आहेत, ती ही जागा. मेंदूचा किंवा मानेतील मज्जारज्जूचा वेध झाल्यास प्राणी जागच्या जागी कोसळतो हे खरे. पण ते लक्ष्य लहान आणि सतत हलणारे असते. नेम चार बोटे चुकला तर जबडा फुटून प्राणी निसटतो आणि पुढे उपासमारीने मरतो. म्हणून जाणते शिकारी छातीच पसंत करतात. आणि छातीत गोळी लागलेले हरिण पुष्कळदा धावते.

ह्याचे कारण असे की, छातीत लागलेली गोळी पायांना थांबवीत नाही. ती रक्ताभिसरण बंद पाडते. रक्तदाब कोसळल्यानंतरही मेंदूत आणि स्नायूंत आधी पोचलेल्या प्राणवायूवर काही क्षण निभावतात. माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठा पूर्णपणे तुटला तर शुद्ध हरपण्यास सुमारे पाच ते दहा सेकंद लागतात. हरणाचीही गोष्ट फारशी वेगळी नसावी. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरिण भर वेगात तासाला पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा मीटर धावते. सात सेकंदांचा हिशेब केला तरी शंभर मीटर होतात. हे गणित झाले. प्रत्यक्षातील आकडे त्याहून कमी आहेत. दक्षिण कॅरोलिना राज्याच्या वन्यजीव खात्यातील एका जीवशास्त्रज्ञाने एका शिकारमंडळाच्या सुमारे ५०० हरणांच्या नोंदी तपासून जी सरासरी काढली, तीत हृदयवेध झालेल्या हरणाची धाव ३९ यार्ड, फुप्फुसवेध झालेल्याची ५० यार्ड आणि पोटात गोळी लागलेल्याची ६९ यार्ड भरली. खांद्यात गोळी लागलेले हरिण मात्र सरासरीने तीनच यार्ड गेले. कारण तेथे पायाचे हाडच निकामी होते आणि लगतच्या मज्जातंतूंच्या जाळ्यालाही जबर धक्का बसतो. नॉर्वेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राण्याच्या शरीराचे वजन आणि त्याला कोसळण्यास लागणारा वेळ व अंतर ह्यांचा संबंध दाखविला आहे. ज्याचे शरीर मोठे, त्याची अखेरची धाव लांब.

ह्या सरासऱ्या वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. जे हरिण सापडलेच नाही, त्याने कापलेले अंतर कोणत्याही सरासरीत येऊ शकत नाही. पोटात गोळी लागलेले हरिण कित्येक तास जगू शकते, दाट झाडीत जाऊन बसते, उठवले तर पुन्हा चालू लागते. ६९ यार्ड हा त्याच्या यातनेचा हिशेब नव्हे.

आणखी दोन निरीक्षणे पुढे उपयोगी पडणार असल्यामुळे येथेच नोंदवून ठेवतो. हृदयावर आघात झालेले हरिण पुष्कळदा प्रथम जोराने उसळी घेते आणि मग धावते किंवा पडते. पोटात आघात झालेले पाठ वाकवून, जडपणे निघून जाते. दुसरे असे की, मर्मावर गोळी लागलेले हरिणही कधीकधी काहीच झाले नसल्यासारखे दौडत दृष्टीआड होते आणि शिकाऱ्याला आपला नेम चुकला असे वाटते. ह्यास्तव बार झाल्यानंतर, हरिण जेथे उभे होते ती जागा जाऊन तपासावी, असा शिकाऱ्यांत नियम आहे.

(३)

आता भाषेकडे वळू. 'मारणे' ह्या धातूचे मराठीत दोन अर्थ आहेत, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते: एक आघात करणे, दुसरा जीव घेणे. मास्तरांनी मुलाला मारले, हा पहिला अर्थ. रामाने रावणाला मारले, हा दुसरा. परंतु ह्या दोन अर्थांची वाटणी वाक्यरचनेशी कशी निगडित आहे, ह्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुढील दोन वाक्ये पाहावीत:

शिकाऱ्याने काळविटाला मारले.
शिकाऱ्याने काळवीट मारला.

(काळवीट प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हरणांच्या कुळात येत नाही; पण पुल्लिंगी नाम असल्यामुळे क्रियापदाचा फरक त्याच्या योगे स्पष्ट दिसतो, म्हणून हे उदाहरण घेतले आहे.) पहिले वाक्य भावे प्रयोगाचे, कर्माला प्रत्यय लागलेला आहे आणि क्रियापद कर्मापासून मोकळे आहे. दुसरे कर्मणी प्रयोगाचे. कर्म अप्रत्यय असून क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पहिल्या वाक्यात काळवीट मेला असेल अथवा नसेल. दगड मारला असेल, काठी मारली असेल, गोळीही मारली असेल. दुसऱ्या वाक्यात तो मेलेलाच आहे. 'कुत्र्याला मारले' आणि 'कुत्रा मारला' ह्या जोडीतही हाच भेद आपणा सर्वांच्या कानाला जाणवतो. 'काळविटाला मारले, पण तो पळून गेला' असे निर्वेधपणे म्हणता येते. 'काळवीट मारला, पण तो पळून गेला' हे वाक्य मात्र कानाला खटकते. जेथे 'ला' लागलेला आहे तेथे कर्म अजून एक स्वतंत्र प्राणी आहे. त्याला काही झाले आहे, पण तो आहे. प्रत्यय गळून पडला की तो शिकाऱ्याच्या कृतीत सामावला जातो. विद्ध हरिण जी धाव घेते, ती ह्या दोन वाक्यांमधील अंतरात घेते, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा प्रश्न अन्य भाषांच्या अभ्यासकांनाही पडलेला आहे. इंग्रजीतील 'किल' ह्या क्रियापदाचा अर्थ 'जिवंत नसण्याची अवस्था घडवून आणणे' असा फोडून दाखविण्याचा प्रयत्न जेम्स मकॉले ह्यांनी १९६८ साली केला. त्यावर जेरी फोडर ह्यांनी १९७० साली जे आक्षेप घेतले, त्यांतील एक आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. शनिवारी एखाद्यावर वार केला आणि तो रविवारी मेला, तर शनिवारच्या वाराने रविवारी मृत्यू घडवून आणला असे म्हणता येते. पण शनिवारी वार करून रविवारी ठार मारले, असे म्हणता येत नाही. म्हणजे मृत्यूला कारण होणे आणि ठार मारणे ह्या एकच गोष्टी नव्हेत; पहिलीत काळाची फट राहू शकते, दुसरीत राहू शकत नाही. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ज्यूडिथ जार्व्हिस थॉमसन ह्यांनी मारण्याची क्रिया नेमकी केव्हा घडते ह्याच प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. आमच्या विद्यार्थ्याची शंका ह्याच जातीची होती, आणि त्याने ती कोणताही ग्रंथ न वाचता काढली होती.

मराठीची विशेष गोष्ट अशी की, तिने ही फट धातूतच ठेवली आहे. ध्वनिदृष्ट्या 'मारणे' हे 'मरणे'चे सरळ प्रयोजक रूप. पण अर्थदृष्ट्या त्यात मरण गृहीत नाही. ते निश्चित करावयाचे झाल्यास आपल्याला 'ठार' हा शब्द जोडावा लागतो, किंवा 'मारून टाकले' अशी संयुक्त क्रिया योजावी लागते. दुसऱ्या बाजूने, मरण येण्यापूर्वीच ते आले असे बोलण्याचीही आपली रीत आहे. संकटात सापडलेला मनुष्य 'मेलो, मेलो' असे भूतकाळात ओरडतो. वाचण्याची आशा संपलेल्या प्राण्याविषयी तो 'मेल्यातच जमा' असे आपण म्हणतो. शिकारकथेत हा वाक्प्रचार फार सोयीचा ठरतो. हरिण डोळ्यांदेखत धावत असते आणि लेखक त्याला जमेच्या बाजूस मांडून मोकळा होतो.

ह्याच संदर्भात 'लागणे' हा धातूही विचारात घ्यावा. 'हरणाला गोळी लागली आणि ते धावू लागले.' ह्या साध्या वाक्यात एकच धातू दोनदा आला आहे. एकदा आघात सांगण्यासाठी, एकदा क्रियेचा आरंभ सांगण्यासाठी. ह्यात काही योजना आहे असे म्हणावयाचे नाही. पण गोळी 'लागणे' हा शेवट नसून आरंभ आहे, हे ह्या वाक्यात सहज उघड होते.

(४)

महाकवींनी ह्या अवकाशाचे काय केले, हे आता पाहू. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडातील मारीचवधाचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. पण तो ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. रामाचा बाण मृगरूपी मारीचाच्या हृदयाचा भेद करतो. त्यावर तो मृग ताडाच्या उंचीइतकी उसळी घेतो, भूमीवर पडतो आणि अगदी थोडे आयुष्य उरलेले असता भयंकर आक्रोश करतो. मायावी देह गळून पडतो, आणि मग रावणाची आज्ञा स्मरून, रामाच्याच स्वरात तो सीतेला व लक्ष्मणाला हाक मारतो. क्रम लक्षात घ्यावा: हृदयवेध, उसळी, पतन, शेष आयुष्य, हाक. ताडाची उंची ही अतिशयोक्ती आहे, हे उघड आहे; परंतु हृदयावर आघात झालेले हरिण प्रथम उसळी घेते, हे निरीक्षण आजच्या शिकाऱ्याच्या निरीक्षणाशी जुळते. वाल्मीकीला शरीरशास्त्र अवगत होते, असा दावा येथे करावयाचा नाही. मृगया हा ज्या समाजात नित्याचा व्यवहार होता, त्या समाजातील कवीच्या कानावर आणि डोळ्यांवर अशा गोष्टींचा संस्कार असणे स्वाभाविक होते, एवढेच.

महत्त्वाचे हे की, संपूर्ण रामायणाची पुढील कथा ह्या काही क्षणांवर अवलंबून आहे. बाण लागताक्षणी मारीच गतप्राण झाला असता, तर हाक नाही. हाक नाही तर लक्ष्मण आश्रम सोडत नाही. आणि मग सीताहरणही नाही. नेम अचूक होता. तरीही अनर्थ टळला नाही, कारण अचूक नेमानंतरही काही क्षण शिल्लक राहतात. वाल्मीकीने ते क्षण धावण्याने न भरता वाणीने भरले.

महाभारताच्या आदिपर्वातही हेच घडते. पांडू मैथुनमग्न मृगाला बाण मारतो. तो मृग म्हणजे मृगरूप धारण केलेला किंदम ऋषी. विद्ध होऊन पडल्यावर तो मनुष्यवाणीने बोलतो, आणि नुसता शाप देत नाही तर वाद घालतो. राजाने मृगया करावी ह्याबद्दल त्याची तक्रार नाही. कोणत्या वेळी बाण सोडला, ह्याबद्दल आहे. पांडूही आपली बाजू मांडतो. बाण लागणे आणि मरणे ह्यांच्या मधल्या अवकाशात येथे एक छोटी धर्मसभाच भरते. दशरथाने आवाजाच्या रोखाने सोडलेला बाण हरणाला नव्हे, तर पाणी भरणाऱ्या तापसपुत्राला लागतो. तेथेही विद्ध झालेला बोलतो, आणि बाण सोडणाऱ्याला ते ऐकून घ्यावे लागते. आपल्या महाकाव्यांत विद्ध प्राणी बोलतो, ही गोष्ट त्यामुळे योगायोगाची वाटत नाही. मराठी वाक्प्रचारांतही तिचा माग लागतो. 'जिव्हारी लागणे', 'वर्मी लागणे' हे मुळात शस्त्राचे प्रयोग. आज ते बहुधा शब्दाविषयी केले जातात.

कालिदासाने तिसराच मार्ग काढला. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात धावणाऱ्या मृगाचे जे वर्णन आहे, ते संस्कृत वाङ्मयात अजोड मानले जाते. पण तो मृग बाण लागण्यापूर्वी धावतो आहे, आणि बाण त्याला कधीच लागत नाही; तपस्वी मध्ये येतात आणि दुष्यंत बाण आवरतो. प्राण्याच्या धावेचे सौंदर्य पाहावयाचे असेल तर बाण सुटता कामा नये, असा जणू ह्या कवीचा निर्णय आहे. त्याने तो अवकाश भरला नाही. निर्माणच होऊ दिला नाही.

ह्या तिघांशी तुलना करण्यासाठी रोमन कवी व्हर्जिल ह्याच्या 'इनीड' महाकाव्यातील दोन स्थळे घेऊ. कारण तेथे विद्ध हरिण खरोखरच धावते. चौथ्या सर्गात प्रेमाने व्याकूळ झालेल्या डिडो राणीला बाण लागलेल्या हरिणीची उपमा दिली आहे. क्रीट बेटावरील अरण्यात एका मेंढपाळाने दुरून बाण मारला; तो हरिणीच्या कुशीत रुतला; ती रानोमाळ धावत सुटली. मेंढपाळाला मात्र आपला बाण लागल्याची वार्ताच नाही. उपमेतील सर्वांत मार्मिक गोष्ट हे अज्ञान होय. इनीअसला आपण काय करून ठेवले आहे हे ठाऊक नाही, हे कवीला सांगावयाचे आहे. आणि त्यासाठी त्याने शिकाऱ्यांना पूर्णपणे परिचित असलेली घटना वापरली आहे. मर्मी लागलेले हरिण काहीच झाले नसल्यासारखे निघून जाऊ शकते, हे आपण वर पाहिलेच.

सातव्या सर्गातील प्रसंग अधिक विस्तृत आहे. सिल्व्हिया नावाच्या मुलीने वाढविलेल्या पाळीव सांबरसदृश मृगाला इनीअसचा पुत्र अस्केनियस बाण मारतो. बाण पोटातून आरपार जातो. मृग मरत नाही. तो धावत आपल्या घरी, गोठ्यात परत येतो आणि रक्ताने माखलेल्या अवस्थेत, याचना करणाऱ्यासारखा कण्हत राहतो. सिल्व्हिया मदतीसाठी हाक घालते, आसपासचे शेतकरी हाती लागेल ते घेऊन धावतात, आणि लॅटियमचे युद्ध पेटते. येथेही आघाताचे स्थान आणि परिणाम ह्यांची संगती निर्दोष आहे. हृदयात बाण लागला असता तर तो घरापर्यंत पोचला नसता. पोटात लागला, म्हणूनच तो पोचला आणि म्हणूनच युद्ध झाले.

दोन्ही महाकाव्यांत युद्धाला निमित्त झालेल्या घटनांच्या मुळाशी मृगाच्या शरीरातील बाण आणि त्यानंतरचा अवकाश आहे, हे साम्य मोठे लक्षणीय आहे. भेदही तितकाच लक्षणीय. वाल्मीकीचा मृग पडतो आणि त्याची हाक धावते. व्हर्जिलचा मृग स्वतः धावतो आणि आपल्या देहानेच वार्ता पोचवतो. ह्यावरून एका संस्कृतीला वाणी प्रिय व दुसरीला देह प्रिय, असा भरधाव निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण चार स्थळांवरून एवढी इमारत उभारणे शास्त्रीय होणार नाही. इतके मात्र निःसंशय म्हणता येईल की, ह्या कवींपैकी एकानेही आघात आणि मृत्यू ह्यांना एकाच क्षणात कोंबले नाही.

(५)

कवींकडून आता व्यवसायाच्या भाषेकडे येऊ. जर्मन शिकाऱ्यांची स्वतंत्र परिभाषा भाषाशास्त्राच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. तिच्यात विद्ध हरणाच्या धावेभोवती एक लहानसे शब्दकुलच जमले आहे. हरणाच्या रक्ताला तेथे रक्त म्हणत नाहीत, 'श्वाइस' म्हणतात. व्यवहारातील जर्मनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ घाम. गोळी लागली त्या क्षणी प्राणी जेथे उभा होता, त्या जागेला 'अनशुस' असा वेगळा शब्द आहे. गोळी लागल्यावर प्राण्याने दिलेल्या प्रतिक्रियेला, म्हणजे वर सांगितलेली उसळी किंवा पाठ वाकविणे ह्यांना, 'त्साइखनेन' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ रेखाटणे, खूण करणे. घायाळ हरिण जेथे टेकले आणि पुन्हा उठले त्या जागेला 'जखमेचे अंथरूण' अशा अर्थाचा शब्द आहे. आणि ह्या सर्वांनंतर जे करावयाचे, त्या शोधाला 'नाखझूखे', म्हणजे 'नंतरचा शोध' असे नाव आहे. त्यासाठी रक्ताच्या वासावर चालणारी कुत्र्यांची खास जात पैदा करण्यात आली आहे.

ह्या परिभाषेवर दोन परस्परविरोधी मते देता येतील, आणि दोन्हींत तथ्य आहे. रक्ताला घाम म्हणणे हा सरळ सरळ पडदा आहे. घामाने कोणी मरत नाही. परंतु त्याच परिभाषेने आघाताची जागा, खूण, टेकण्याची जागा आणि शोध ह्या चारही टप्प्यांना पृथक् नावे देऊन तो अवकाश मोजण्याजोगा व टाळता न येण्याजोगा करून ठेवला आहे. ज्या गोष्टीला नाव आहे, ती वगळली तर लक्षात येते. 'नाखझूखे' हा शब्द ज्याच्या तोंडी आहे, त्याला 'हरिण पळाले, नेम चुकला असेल' असे म्हणून घरी जाणे अवघड होते. येथे परिभाषेचा प्रश्न हा कर्तव्याचा प्रश्न होतो.

तो कर्तव्याचा प्रश्न आपल्या देशातही अपरिचित नव्हता. जिम कॉर्बेट ह्यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' ह्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात वाघ नरभक्षक का होतो ह्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत निष्काळजीपणे मारलेली गोळी आणि जखमी जनावराचा माग न काढणे हे एक आहे. म्हणजे कोणा एकाने जो अवकाश अर्धवट सोडला, त्याची किंमत एखाद्या दूरच्या खेड्यातील बाईने गवत कापताना मोजली.

(६)

ह्या विवेचनाच्या आधारे आता शिकारकथेच्या गद्याकडे पाहता येईल. नमुन्यादाखल दोन वाक्ये मीच रचून देतो. पहिले: 'बार झाला आणि चितळ जागच्या जागी गार झाले.' दुसरे: 'बार झाला, चितळाने उसळी घेतली आणि ते करवंदीच्या जाळीत शिरले, आम्ही थोडा वेळ थांबलो, मग ते उभे होते तेथे गेलो, पानावर फेसाळ, लालभडक रक्त होते.' पहिल्या वाक्यात खोटे काही असेलच असे नाही. खांद्यात किंवा मानेत गोळी लागली तर तसे घडते. पण एखाद्या लेखकाच्या पुस्तकातील प्रत्येक चितळ जागच्या जागी गार होत असेल, तर त्या लेखकाने एक तर सर्व गोळ्या मानेत मारल्या असल्या पाहिजेत, किंवा धावलेली हरणे आपल्यापासून लपविली असली पाहिजेत. दुसऱ्या वाक्यात लेखकाचे यश अजून अनिश्चित आहे. फेसाळ रक्त फुप्फुसाचे, हे त्याला कळते. पण हरिण अजून त्याचे झालेले नाही. तो 'चितळाला मारले' ह्या वाक्यात उभा आहे. 'चितळ मारले' ह्या वाक्यात त्याला अजून जावयाचे आहे. असे गद्य मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि अधिक चांगलेही वाटते. ह्या ठिकाणी ह्या दोन गुणांची फारकत करता येत नाही.

कोणी म्हणेल, हा सगळा खटाटोप आता कशासाठी? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे हौसेच्या शिकारीचे दार बंद केले आहे. शिकारकथा हा वाङ्मयप्रकार नव्याने लिहिला जाण्याची शक्यता उरलेली नाही. हे खरे आहे, आणि ते बंद झाल्याचे प्रस्तुत लेखकास दुःखही नाही. पण आघात आणि त्याचा परिणाम ह्यांच्यामध्ये काळ जातो, ही गोष्ट हरणापुरती मर्यादित नाही. ज्याने आघात केला तो पुढचे न पाहता निघून जातो, आणि भाषा त्याला 'मेल्यातच जमा' अशासारखा सोयीचा शब्द पुरवते, हे व्यवहारात आपण नित्य पाहतो. अशा वेळी मधला अवकाश भाषेतून गाळला गेला की, त्याबरोबर जबाबदारीही गाळली जाते. ती गाळलेली जागा दाखवून देणे हे समीक्षेचे एक काम आहे.

शेवटी एक व्युत्पत्ती नोंदवितो. 'मार्ग' हा शब्द 'मृग' ह्या शब्दाशी संबद्ध मानला जातो. मृगाने चालून पाडलेली वाट, ती मार्ग. त्याच 'मार्ग'पासून प्राकृताच्या द्वारे आपला 'माग' आला. 'माग काढणे' असे आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दात ते हरिण अजून पुढे गेलेले असते आणि आपण त्याच्या पावलांवर असतो. संस्कृतात 'मार्गण' ह्या एकाच शब्दाचे शोध आणि बाण असे दोन्ही अर्थ होतात, हेही ह्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या विद्यार्थ्याच्या शंकेला आता उत्तर देता येईल असे वाटते. गोळी लागली तेथे काळविटाला मारले. तो पडला, आणि शिकाऱ्याने जाऊन पाहिला, तेथे काळवीट मारला. ह्या दोन जागांमधील अंतर कधी तीन यार्ड असते, कधी पन्नास, आणि कधी ते कोणालाच कळत नाही. ते पायी चालून जाणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य होते. ज्याने त्याविषयी लिहावयाचे ठरविले, त्यालाही ते चुकवता येणार नाही.